बुधवारचा फोन

माझ्या मोठ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, कुणी निवृत्त म्हटलेलं खपत नाही. सव्वीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या कचेरीत काढली. दाखले, हजेरीपट, हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या, कागदात गुंडाळलेले पडके दात, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलं. पण तिथल्या शिक्षकांना त्या आठवतात त्या आगीच्या घंटेसाठी. आग लागली तर पोरांना बाहेर कसं काढायचं याची तालीम घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ती त्या कुणालाही न सांगता घ्यायच्या. एकदा पाहुणे भाषण करत असताना, एकदा मुख्याध्यापक सुजल्या गालाला बर्फ लावून बसले असताना. कुणी कुरकुर केली की म्हणायच्या, "आग काय चिठ्ठी पाठवून येते?"

आमच्याकडे राहायला आल्या तरी पहिल्या दिवशी मला विचारणार, "गॅस गळाला तर कुठल्या दारानं बाहेर पडशील?" आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. ते म्हणतात, "ताई, तू आधी चहा घे, मग आपण सगळे मिळून जळू."

अशा बाईला घरी बसवणार कोण? शाळा सुटली आणि तिसऱ्या महिन्यात त्या विमानतळावर कामाला लागल्या.

विमानतळ म्हणजे आपण हवाबदलाला जाताना बघतो तो काचेचा झगमगाट नव्हे. शहराबाहेर एक धावपट्टी, एक पत्र्याची मोठी शेड आणि शेडला चिकटून दोन खोल्या. तिथून एक संस्था चालते. ज्या मुलांना लिव्हर, किडनी किंवा हृदय बदलून हवंय आणि ज्यांची घरं मोठ्या रुग्णालयापासून लांब आहेत, त्यांना वेळ आली की छोट्या विमानानं तिथे पोचवायचं, हे तिचं काम. वेळ आली म्हणजे काय, तर कुठल्या तरी घरातलं मूल जातं आणि त्याचे आईबाप तशाही अवस्थेत एका कागदावर सही करतात. तिथून घड्याळ सुरू होतं. रस्त्यानं नऊ तास, विमानानं सव्वा तास.

वन्सं तिथे फोनवर बसतात. समोरच्या फळ्यावर त्यांची चौदा मुलं, प्रत्येकाची एक ओळ: वजन, रक्तगट, रुग्णालय, आईबापाचे आणि शेजाऱ्याचे मिळून तीन फोन नंबर, आणि दारापासून धावपट्टीपर्यंत किती मिनिटं. नावं फळ्यावर लिहीत नाहीत, म्हणून त्यांनी आपली ठेवलेली: चष्मेवाला, टेकडीवरची, मोठे कान, बडबडी. घरची माणसं त्यांना फोनताई म्हणतात. मी एकदा विचारलं, "वन्सं, एवढी माया लावून घेता, त्रास नाही होत?" तर म्हणाल्या, "माया कसली, मी वेळ लावून घेते."

पहिल्या वर्षी तिथल्या तालमी रीतसर होत. त्या फोन करून म्हणत, "ही तालीम आहे. समजा, लिव्हर मिळालंय. निघा." मग लोक निघत, आपल्या सवडीनं. एक कुटुंब चार तासांनी उगवलं आणि वर म्हणालं, वाटेत मावशीकडे जरा टेकलो. त्या दिवशी वन्संनी ठरवलं की सांगायचंच नाही. फोन करायचा, निघा म्हणायचं, आणि लोक फाटकाशी पोचले की मग सांगायचं, "शाब्बास. तालीम होती."

तिथल्या सिस्टरला, विमानात मुलांबरोबर जाणाऱ्या नर्सला, हे पटलं नव्हतं. "ताई, लोकांचा जीव गोळा होतो हो."

"होऊ दे. गोळा झालेला जीव वेळेवर पोचतो."

आणि पोचूही लागले. दीड तासावरून एक तास, तासावरून पन्नास मिनिटं. फळ्यावर आकडे उतरत गेले तशी वन्संची मान ताठ होत गेली.

बडबडी सहा वर्षांची. डोळ्यांच्या पांढऱ्यावर पिवळट झाक, पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, आणि तोंड म्हणाल तर अखंड चालू. तिची आई घरी शिवणकाम करते, वडील सुतारकामाच्या कारखान्यात. पहिल्या तालमीला ती आई फाटकाशी आली, वन्संनी "शाब्बास" म्हटलं, आणि विमानात चढण्याआधी माणसं आणि सामान तोलतात त्या वजनकाट्याच्या खोलीत ती बाई फरशीवर बसून अर्धा तास रडली. घरातून निघताना तिनं लेकीच्या पलंगावरची चादर नीट केली होती, कदाचित ती परत यायची नाही म्हणून. वन्संनी तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, आणि फळ्यावर लिहिलं: बावन्न मिनिटं.

पाचव्या तालमीला ती बाई हसली. "माहीतच होतं मला ताई."

हे हसणं वन्संनी मला कौतुकानं सांगितलं होतं. धीट झाली म्हणाल्या. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

आता त्या दिवसाचं सांगते. वन्सं आदल्या दिवशी आमच्याकडे आल्या होत्या आणि चष्मा विसरून गेल्या. तो द्यायला मी गाडी काढून गेले. सकाळचे दहा वाजून गेलेले. कॅप्टन, म्हणजे त्यांचे वैमानिक, शेडमध्ये विमानाच्या पोटाखाली वाकून काहीतरी बघत होते. वन्संनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फोन वाजला. मोठ्या रुग्णालयाचा. त्या नुसत्या "हो, हो, रक्तगट तोच, हो" म्हणत राहिल्या, पण उभ्या कधी राहिल्या ते त्यांनाही कळलं नसावं. बडबडीसाठी लिव्हर होतं. तीन वाजता भूल द्यायची, फार तर चारपर्यंत थांबता येईल.

त्यांनी लगेच बडबडीच्या आईला फोन लावला. "लिव्हर मिळालंय. तिच्या तोंडात आता काही जाऊ देऊ नका, पिशवी घ्या, निघा."

"निघालेच ताई, निघालेच!" मला इथवर ऐकू आलं. शेवटी थोडं हसूही होतं.

"बघ, किती शांत आहे," वन्सं मला म्हणाल्या. "तालमीचा फायदा."

मी आपली कौतुकानं बघत राहिले.

पासष्ट मिनिटांनी रिक्षा फाटकाशी थांबली. आई उतरली, कडेवर बडबडी, खांद्याला पिशवी. नवरा बरोबर नव्हता. आई हसतच आत आली आणि वन्संसमोर उभी राहिली, बक्षीस घ्यायला उभं राहावं तशी.

वन्सं म्हणाल्या, "चला, काट्यावर चढा. कॅप्टन वाट बघतायत."

"आज शाब्बास नाही म्हणालात?"

"आधी चढा तर."

तेवढ्यात बाहेर विमानाचा पंखा फिरायला लागला. खिडकीच्या काचा थरथरल्या. तालमीत पंखा कधी फिरत नसे. त्या बाईनं खिडकीकडे पाहिलं, मग वन्संकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून हळूच विचारलं, "ताई, आज बुधवार आहे ना?"

"मग?"

"बुधवारी तालीम असते."

 वन्संच्या तालमी बुधवारीच होत. त्या दिवशी कॅप्टन कागदपत्रं करतात, काटा मोकळा असतो, म्हणून. त्यांच्या लेखी हे गुपित होतं. पण तपासणीला आलेल्या आया रुग्णालयाच्या बाकावर तासन्‌तास शेजारीशेजारी बसतात, आणि चौदाच्या चौदा घरांना हे पाठ होतं: फोनताईचा बुधवारचा फोन म्हणजे तालीम.

सिस्टरनं पिशवी उघडली. आत रद्दी होती. नीट दोरीनं बांधलेले वर्तमानपत्रांचे दोन गठ्ठे, विमानात पिशवीला चालतात तेवढे बरोब्बर बारा किलो भरावेत इतके. खरे कपडे धुवायला टाकलेले, म्हणून काट्यासाठी तिनं वजन तेवढं जमवून आणलं होतं.  मग सिस्टर तिचे ठरलेले प्रश्न विचारू लागली. "औषध?" "दिलं." "ताप?" "नाही." "शेवटचं खाणं?"

"सकाळी सातला," आई पटकन म्हणाली.

"नाही गं आई," बडबडी म्हणाली. "दूध प्यायले ना मी निघताना? बिस्किट बुडवून. दोन दिलीस तू. एक खाल्लं, एक बुडालंच, मग तू म्हणालीस राहू दे, रिक्षा आली, आणि रिक्षावाल्याच्या आरशाला ना..."

आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नाही, पण ठेवला.

पंख्याच्या आवाजात ती वन्संच्या अगदी जवळ गेली. "ताई, नका लिहू. थोडंसंच प्यायली. रडत होती हो, सातनंतर काही खाल्लं नव्हतं, मला वाटलं तालीमच आहे तर कशाला उपाशी... तुम्ही लिहिलंत तर ते दुसऱ्या मुलाला देतील. आठ महिने झाले ताई. डॉक्टर म्हणाले, तिच्याकडे आता फार दिवस नाहीत."

वन्संना सगळं ठाऊक होतं. दोन्ही बाजू ठाऊक होत्या. पोटात दूध असताना भूल दिली तर ते उलटून छातीत जाऊ शकतं आणि मूल टेबलावरच जाऊ शकतं. आणि अशा वेळी यादीतलं पुढचं मूल तयार ठेवतात, हेही.

त्यांनी फोन उचलला. मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "मुलगी निघायला तयार आहे. पण पावणेअकराच्या सुमाराला तिनं दूध आणि एक बिस्किट घेतलंय. चूक आईची नाही. हे खरं आहे हे मी तिला सांगितलंच नव्हतं."

 डॉक्टर म्हणाले की दुधाला सहा तास लागतात, तेवढे आपल्याकडे नाहीत. किती पोटात गेलंय यावर भूल देणारे डॉक्टर ठरवतील. घोटभर असेल तर चारला धोका पत्करता येईल, कपभर असेल तर नाही. इथे शहरातच एक मुलगा आहे, त्यालाही उपाशी ठेवायला सांगतो. "नक्की किती, ते मला दोनच्या आत सांगा."

"बाळा, किती दूध प्यायलीस?" सिस्टरनं विचारलं.

"सगळं," बडबडी अभिमानानं म्हणाली. दूध संपवल्याचं रोज कौतुक होत असणार.

"नाही हो, एवढंसं," आई म्हणाली आणि दोन बोटांत अंतर दाखवलं. पण ते अंतर दर वेळी वेगळं येत होतं.

कॅप्टन दारात येऊन उभे होते. "उडायचं की नाही?"

"ठरलेलं नाही अजून," वन्सं म्हणाल्या.

"मग हवेतच ठरू दे. परत फिरायचं म्हटलं तर फिरता येतं, पण इथे बसून राहिलो तर गेलेली वेळ कुठून आणू? आणि ती रद्दी खाली ठेवा, माझं विमान काही भंगारवाल्याचं नाही."

पावणेबाराला विमान उडालं. आत आई, बडबडी, सिस्टर, आणि पोटातल्या दुधाचा प्रश्न.

"कप," वन्सं एकदम म्हणाल्या. "त्यांच्या घरी तो कप असेल. तुझी गाडी आहे ना?"

वाटेत कारखाना लागत होता. आत करवतीचा कानठळ्या बसवणारा आवाज, म्हणून त्या माणसाला, बडबडीच्या वडिलांना, फोन ऐकू आला नव्हता. तो केसांत भुसा घेऊन बाहेर आला आणि वन्संना बघून हसला. "फोनताई, तुम्ही स्वतः? अहो, तालीम ना? आमची ही गेली असेल की घेऊन."

"विमान उडालं, दादा."

तो हसायचा थांबला. मग त्यानं कंबरेचा पट्टा काढायला घेतला, अवजारांचा, आणि त्याचं बक्कल काही केल्या त्याला सुटेना. शेवटी पट्ट्यासकटच गाडीत बसला. वाटेत एकच बोलला, "सकाळी मी तिला नीट बघितलंही नाही. झोपली होती."

त्यांचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दीड खोली. शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेली बाही, सुई कापडात रुतलेली. दोरीवर लहान फ्रॉक, अजून ओले. भिंतीवर औषधांच्या वेळांचा कागद. आणि ओट्याच्या कडेला एक निळा कप.

वन्सं त्याच्याकडे गेल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. मला म्हणाल्या, "तू बघ. माझ्या डोळ्यांवर आज माझा विश्वास नाही. मला हवं तेच दिसेल."

मी तीस वर्षं दूध मोजतेय. किती आटलं, किती उरलं, मांजरानं तोंड घातलं की पोरानं, हे मला भांडं बघून कळतं. कपाच्या आत साय धरल्याची रेघ होती, काठाच्या बोटभर खाली. तिथवर दूध भरलेलं होतं. आता ते त्या रेघेच्या जेमतेम करंगळीभर खाली होतं. पण बिस्किट आत विरघळलेलं, त्यानं दूध वर चढलं असणार. मी नळाच्या पाण्यानं तसाच दुसरा कप भरला, डब्यातलं एक बिस्किट घेऊन बुडवलं, किती चढतं ते पाहिलं, आणि चमच्यानं मोजलं. वडील माझ्याकडे बघत होते. त्यांना दुधाचं अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं आणि एक अनोळखी बाई त्यांच्या स्वयंपाकघरात बिस्किट बुडवत होती.

"चार चमचे," मी म्हटलं. "फार तर पाच."

"पाच सांगू," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, चारच वाटतात मला."

"पाच. त्या दुसऱ्या मुलाचंही आपण मोजतोय."

त्यांनी फोनवर तसंच सांगितलं. पाच चमचे दूध आणि एक बिस्किट, पावणेअकरा. एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि विमान तिकडे उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, कळवतो. त्या वेळात आम्ही पिशवी भरली. ओले फ्रॉक आम्ही तसेच पिळून घेतले. वडील लेकीच्या पलंगाशी बसून एकेक औषधाची बाटली उजेडात धरून बघत होते. वन्सं त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं: बुधवारचं, दुधाचं, आणि आपण पाच वेळा काय केलं तेही. तो माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ताई, पण बुधवारचं मीच शोधून काढलं होतं. मीच तिला म्हटलं होतं, बुधवार असला की घाबरू नकोस."

एक वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला. चार वाजता घेतायत.

वडिलांना आम्ही बसमध्ये बसवलं. ते पोचले तेव्हा ऑपरेशन चालूच होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा फोन आला की बडबडी शुद्धीवर आलीय, नळीमुळे बोलता येत नाही म्हणून चिडलीय.

वन्संनी ऐकलं, बरं म्हणाल्या, आणि डॉक्टरांना फोन लावून विचारलं, "त्या मुलाचं काय केलंत?"

"चारला जेवायला दिलं आणि घरी पाठवलं," डॉक्टर म्हणाले. यापेक्षा जास्त त्यांना सांगता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात वन्संनी उरलेल्या तेराही घरांना फोन केले. प्रत्येकाला तेच: मी तुम्हाला न सांगता तालमी घेत होते, ते चुकलं. यापुढे तालीम असली तर आधी तसं सांगेन, आणि खरं असलं तर खरं म्हणेन. एक आजोबा म्हणाले, "मग आम्ही आळशी होऊ की!" वन्सं म्हणाल्या, "व्हा. उशीर झाला तर मी ओरडेन, ते मला जमतं." तालमींची वेळ पुन्हा लांबली, पन्नासची पंचावन्न, साठ झाली. फळ्यावरचे आकडे चढले. त्याबद्दल त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

अडीच महिन्यांनी बडबडी आईबरोबर बसनं परत आली आणि घरी जायच्या आधी दोघी त्या दोन खोल्यांत टेकल्या. मी तेव्हा तिथेच होते. डोळे पांढरे झालेले, पोट बसलेलं. ती कॅप्टनच्या मागे मागे शेडमध्ये गेली. विमानात आपण झोपलो होतो म्हणून काहीच बघितलं नाही, तर आता सगळं दाखवा, अशी तिची तक्रार चालली होती.

आई बाकावर बसली. वन्संनी तिला तब्येतीचं, औषधांचं, शिवणाचं विचारलं. तिनं उत्तरं दिली. मग म्हणाली, "ताई, त्या दुसऱ्या मुलाचं काही कळलं?"

"नाही. तो त्याच शहरातला, त्याला विमान लागत नाही. माझ्या यादीत तो येत नाही."

"मी रोज त्याच्या आईचा विचार करते. तिनंही फोन घेतला असेल. पोरगा रडला असेल. पण तिनं त्याला घोटभरही दिलं नाही. तिनं सगळं नीट केलं आणि मिळालं मात्र माझ्या लेकीला." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "ती माझ्यापेक्षा चांगली आई."

वन्सं टेबलामागून उठल्या आणि तिच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या.

"तिला कुणी पाच वेळा खोटा फोन केला नव्हता," त्या म्हणाल्या.

 शेडमधून बडबडीचा आवाज येत होता, एकामागून एक प्रश्न. कॅप्टन एकाचं उत्तर देईपर्यंत दुसरा तयार. बऱ्याच वेळानं आईनं वन्संच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.